पाणी लागलेली डाळ

कमलताईंनी डब्यात बोट घातलं आणि चटका बसल्यासारखं बाहेर काढलं.

"ओली आहे डाळ," त्या म्हणाल्या. मग बोट पदराला पुसलं. नीट, नखापर्यंत पुसलं.

ऑफिस भरायची वेळ होती. जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही सगळ्या बायका उभ्या होतो. टेबलावर माझ्या आईचा पितळी डबा, आणि त्यात रात्रभर भिजवून, पाणी निथळून ठेवलेली लाखोळीची डाळ. वड्यांसाठी. चांगली फुगली होती. मी ती कमलताईंच्या हवाली करणार होते. त्या वाटून, तळून दुपारी आणणार होत्या आणि सगळ्या मिळून खाणार होतो, असं ठरलं होतं.

मोठ्या बाईंनी मस्टरवरची फुटपट्टी उचलली. डब्याला टेकवली आणि डबा टेबलाच्या काठापर्यंत सरकवत नेला. हातानं नाही. फुटपट्टीनं.

"कोरी आणायला सांगितली होती ना तुला?"

"वड्यांसाठी भिजवावी लागते बाई. आईनं रात्रीच..."

"पाणी तुमच्या घरचं ना?"

काय बोलणार? पाणी आमच्या घरचंच होतं.

"मग आता ती कोण खाणार?" त्या शांतपणे म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. टाइप करताना एखादी ओळ चुकली की कागद काढून फेकायला सांगायच्या, त्याच आवाजात त्यांनी शिपायाला सांगितलं, "ही बाहेर गाईला घाल. आणि डबा विसळून हिला दे."

शिपायानं डबा उचलून नेला. खिडकीतून मला फाटकाजवळची गाय दिसत होती. मोकाट गाय, उकिरड्यावर चरणारी. तिनं ती डाळ चाटूनपुसून खाल्ली. गाईला आमचं पाणी चाललं.

आमच्या भागातला नियम सांगते, म्हणजे कळेल. हा नियम कुठं लिहिलेला नाही, म्हणून तो कुणाला खोडताही येत नाही. आमची वस्ती गावाबाहेरची. धर्म बदलून वीस-बावीस वर्षं झाली होती, पण गावाला त्याचा पत्ता नव्हता. आमच्या घरातून गावात काय काय जायचं? तांदूळ जायचा, डाळ जायची, रानातली मोहफुलं, पावसाळ्यातल्या सात्या, म्हणजे अळिंब्या, हे सगळं जायचं. पाटलाच्या घरची म्हातारी ते आनंदानं घ्यायची. कारण ते कोरं. शिजलेलं मात्र आमच्याकडून कधी गेलं नाही. शिजलेलं त्यांच्याकडून आमच्याकडे यायचं, तेही उरलं तर. आणि कोऱ्याला पाणी लागलं की ते कोरं राहत नाही. ज्याच्या घरचं पाणी, त्याची जात त्या दाण्याला लागते. दाण्याला विचारायची सोय नाही.

हा नियम मला लहानपणापासून ठाऊक होता. फक्त तो एसटीत बसून माझ्या आधी भंडाऱ्याला पोचला असेल, असं वाटलं नव्हतं.

भंडाऱ्यातलं ते एक सरकारी ऑफिस. कुठलं ते सांगत नाही. सांगून काय, सगळी एकाच रंगानं रंगवलेली असतात. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. मी तिथं टायपिस्ट होते. हंगामी. म्हणजे साहेबांची सही झाली तर कायम, नाहीतर घर गाठा. साहेब सही करायचे ती मोठ्या बाईंच्या सांगण्यावरून. मोठ्या बाई म्हणजे आमच्या हेडक्लार्क. पुण्याच्या. बदलीवर आलेल्या आणि बदलीला वैतागलेल्या. 'तुमच्या भंडाऱ्यात' असं त्यांचं वाक्य सुरू झालं, की पुढे ऊन, डास नाहीतर आम्ही.

एक ताई खानदेशच्या होत्या, एक बाई कोकणातल्या. कमलताई इथल्याच. माझं गाव आसगाव, त्यांचं त्याच्या शेजारच्या शिवारात. घरची तलावाखालची धानाची शेती, घरात दूधदुभतं. ऑफिसच्या मागेच त्यांना क्वार्टर मिळालेलं. आणि मी. माझ्याकडे एक खोली आणि एक स्टोव्ह.

दर बुधवारी एकीनं आपापल्या मुलखाचं काहीतरी करून आणायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं, ही प्रथा मोठ्या बाईंनी पाडली. परमुलखात आलोय, तेवढंच माणसांत असल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणायच्या. परमुलूख म्हणजे माझा मुलूख. खानदेशच्या ताईंनी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी आणली. कोकणातल्या बाईंनी आंबोळ्या आणल्या, सोबत ओल्या नारळाची चटणी. मोठ्या बाईंची पुरणपोळी आणि कटाची आमटी. खरं सांगते, मला सगळं आवडायचं. कटाची आमटी त्याआधी मी ऐकलीसुद्धा नव्हती. पुरणाच्या डाळीचं पाणी माणूस फेकत नाही, त्याची आमटी करतो, हे मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मला वाढायची रीत मात्र वेगळी. मी माझ्या डब्याचं झाकण पुढे धरायचं. वरून पडायचं. चमचा झाकणाला लागायचा नाही. कोकणातल्या बाईंचा हात तर इतक्या उंचावरून यायचा, की आमटी झाकणात कमी आणि माझ्या मनगटावर जास्त. बसायला मला स्टूल, टेबलापासून जरा मागे. 'टेबल लहान आहे गं,' असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. टेबल लहान होतंच. पण ते नेमकं माझ्याच बाजूला लहान होतं.

मला कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं. धाकटा भाऊ माझ्या पगारावर पवनीला शिकत होता. आईचे हात धानाची सोंगणी, म्हणजे कापणी करून करून सोलवटून निघालेले. घरात महिन्याला ठरलेला पैसा आणणारी मी पहिलीच. अशा वेळी माणूस स्वतःलाच समजावतो. टेबल लहान आहे. झाकण लहान आहे. आपलंच मन लहान आहे.

माझी पाळी आली, तेव्हा मोठ्या बाई लाडानं म्हणाल्या, "तू कशाला करत बसतेस? एक स्टोव्ह तुझा. तू आपलं सामान आण, कोरं. कमल करेल. तीही इथलीच. तुमच्याकडची ती लाखेची डाळ म्हणतात ना, तिचे वडे खाऊन बघायचेत आम्हाला."

ती डाळ तेव्हा दुकानात उघडपणे मिळत नसे. पाय लुळे पडतात म्हणून विकायला बंदी होती. कमलताईंच्या शेतात ती पिकायची, पण त्यांच्या घरी तूर शिजायची. लाखोळी मजुरांना वाटायची. मजूर म्हणजे माझी आई. मोठ्या बाईंना हवी असलेली डाळ माझ्याच घरी होती. मला केवढा अभिमान वाटला. बाई माझी किती काळजी करतात, असंही वाटलं.

आईला निरोप धाडला. ती मंगळवारी संध्याकाळच्या एसटीनं आली, दिवसभराची सोंगणी आटोपून. डोक्यावर गाठोडं. डाळ पाखडून, निवडून, एकेक खडा काढून आणलेली. आल्या आल्या तिनं हातपाय धुतले आणि पातेलं मागितलं.

"कायले?"

"डाळ भिजवाले. उद्या वडे होवाचे तं आजच भिजवा लागन."

"कोरीच द्याची आहे माय. बाईनं तसंच सांगतलं."

आईचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"हापिसात बी?"

"नाही वं. माह्याकडे एकच स्टोव्ह आहे म्हणून. तथी तसं काही नाही."

हे मी बोलले. मी. आणि आईनं माझं ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू म्हणता येणार नाही, पण कपाळावरची आठी गेली.

"मंग भिजवतोच," ती म्हणाली. "शिकले-सवरले लोक आहेत. तथी कोण पाहते पाणी."

तिनं डाळ भिजवली. थोड्या वेळानं ते पाणी फेकून दुसरं घातलं. शहरातल्या बायांना सवय नसते, त्यांना बाधू नये म्हणून, असं तिनं सांगितलं. त्या डाळीचा दोष पाण्यात निघून जातो हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. झोपेपर्यंत ती मला एकेकीचं विचारत राहिली. कोकणातल्या बाईले तिखट चालते का? खानदेशात वडे करतेत का? मी उत्तरं देत होते. आम्ही दोघी खूश होतो. पुढच्या दिवशी फुटपट्टी निघणार आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी मी खोलीवर आले, तेव्हा आई दारात बसली होती. डोक्याला तेल, नीट विंचरलेले केस, जाताना नेसायचं म्हणून जपलेलं लुगडं. माझी वाट पाहत एसटी सोडली होती तिनं.

"पुरले का सर्वाले?" तिनं विचारलं.

खोटं बोलायचं ठरवूनच मी आले होते. मस्त झाले, सगळ्यांना आवडले, असं सांगणार होते. पण तिनं माझ्या हातातला डबा घेतला आणि उघडून वास घेतला. पाटलाच्या घरून रिकामं परत आलेलं भांडं ती असंच हुंगायची, काय शिजलं असेल ते कळावं म्हणून. डब्याला तेलाचा वास नव्हता. वड्यांचाही नव्हता.

"फेकली?"

"गाईले घातली."

तिनं झाकण लावून डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "माह्यंच चुकलं. उभ्या जन्मात पाटलाच्या घरी पाणी लावून दाणा नाही देला. आजच कायले लावलं मी."

"तुह्यं काही नाही चुकलं माय."

"तू म्हणली ना, स्टोव्ह एकच आहे म्हणून. मले वाटलं, खरंच."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

अपमान सकाळी झाला, राग संध्याकाळी आला. असं का, याचा मी पुष्कळ विचार केलाय. माझा अपमान पोटात घालायला मी शिकले होते. शाळेत शिकले, वसतिगृहात शिकले, झाकण पुढे धरताना दर बुधवारी शिकत होते. पण माझ्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी विश्वास ठेवून डाळीत पाणी ओतलं होतं. साठीला आलेल्या बाईला पहिल्यांदा वाटलं होतं, की जगात अशी एक जागा आहे, जिथं आपलं पाणी कुणी पाहत नाही. तो विश्वास त्यांनी गाईपुढे टाकला. ह्याची भरपाई कुठून होणार? मला त्या रागानं जेवण गेलं नाही. आई मात्र जेवली. दुसऱ्या दिवशी तिला कामावर जायचं होतं.

दोन-चार दिवसांनी ऑफिसच्या मागच्या नळावर कमलताई भेटल्या. मी डबा धूत होते. त्या इकडे तिकडे पाहून जवळ आल्या. कमलताई टेबलावर बसल्या की 'मला' म्हणायच्या, नळावर आल्या की 'मले'. मोठ्या बाई त्यांच्या 'करून राहिली', 'जाऊन राहिली'ची नक्कल करून हसायच्या, तेव्हापासून त्यांनी टेबलावरची जीभ वेगळी केली होती.

"राग नोको धरू वं," त्या म्हणाल्या. "तुह्या मायच्या हातचे वडे मी खाल्ले आहेत."

मला खरं वाटेना. "कवा?"

"लहान होती मी. रोवण्याच्या दिवसात तुही माय आमच्या धानाच्या बांधीत येत होती. दुपारी सगळ्या बाया बांधीच्या कडेले, धुऱ्यावर बसत. ती फडकं सोडे अन् मी जाऊन मांगत होती. देत होती ती. म्हणे, 'घरी नोको सांगजो बाई, मले बोल लागन.' तसे वडे माह्या मायले कधी जमले नाही."

"मंग त्या दिवशी बोट कायले पुसलं?"

त्यांनी परत इकडे तिकडे पाहिलं. नळ जोरात सोडला.

"मोठ्या बाई पाहून राहिल्या होत्या ना. मले बी त्याइच्यातच राहा लागते."

हे ऐकून मला हसू आलं. मोठ्या बाईंचं मी समजू शकत होते. त्यांना माझं गाव माहीत नव्हतं, माझी आई माहीत नव्हती, त्यांच्या लेखी मी एक जात होते आणि एक टाइपरायटर. पण ह्या बाईच्या जिभेवर माझ्या आईच्या हातची चव होती. भुकेच्या वेळी पाणी कुणाचं हे तिनं विचारलं नव्हतं. मोठं झाल्यावर तिला नियम आठवला, तोही पुण्याची बाई पाहत होती म्हणून. गोडबोल्या माणसांची मला त्या दिवसापासून जास्त भीती वाटते. फुटपट्टी निदान समोरून तरी येते.

मी कमलताईंना म्हणाले, "धुऱ्यावरचे वडे इथी टेबलावर आठवा, ताई. नळावर नोका आठवू." त्यांनी नळ बंद केला आणि त्या क्वार्टरकडे वळल्या.

महिना उलटला नसेल, मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. साहेबांच्या पत्नी बुधवारच्या जेवणाला येणार होत्या. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, की ऑफिसातल्या बायका निरनिराळ्या मुलखांचं जेवण किती हौसेनं करतात. त्यांना ते पाहायचं होतं.

"आम्ही सगळ्या करतोच आहोत," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण त्यांना इथलं काहीतरी खायचंय. तुझी ती डाळ आण. कमल करेल. ह्या वेळी लक्षात ठेव, कोरी." मग समोरचे कागद सारखे करत, सहज बोलल्यासारखं, "तुझ्या कायमच्या कागदावर ह्याच महिन्यात सही व्हायची आहे ना?"

त्या क्षणी मला भाऊ दिसला. आईचे हात दिसले. माझी खोली, तिचं भाडं, सगळं दिसलं. उगाच शूरपणाच्या गोष्टी सांगत नाही. मी घाबरले होते. हात मी पाठीमागे बांधले.

"कोरी आणणार नाही, बाई."

"म्हणजे? संपली?"

"आहे. पण आणणार नाही. आमच्या घरचं खायचं असेल तर आमच्या घरी शिजलेलं खावं लागेल."

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "बरं. जा," एवढंच म्हणाल्या.

त्या बुधवारी मी पहाटे उठून वडे केले. आईची डाळ, माझं पाणी, माझा तो एकुलता एक स्टोव्ह. सहा बायकांना पुरतील एवढे वडे त्यावर होतात, हेही त्या दिवशी सिद्ध झालं. डबा भरून ऑफिसात नेला आणि दुपारी टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवला. झाकण काढून. पाहुण्या बाईंसमोर कोण काय म्हणणार?

साहेबांच्या पत्नी नीटनेटक्या, हसऱ्या होत्या. त्यांनी भरीत-भाकरी खाल्ली. आंबोळीचा तुकडा मोडला. पुरणपोळीचं कौतुक केलं. कमलताईंनी केलेली बेसनाची झणझणीत पातोडीची भाजी खाऊन डोळ्यांत पाणी आलं, तरी छान आहे म्हणाल्या. मग त्यांचा हात माझ्या डब्याकडे गेला. एक वडा त्यांनी उचलला.

"हे काय? किती खमंग वास येतोय."

"लाखोळीचे वडे," मी म्हणाले. "आमच्याकडचे."

वडा ओठांपर्यंत गेला होता. मोठ्या बाई त्यांच्याकडे किंचित झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते तिनं घरून आणलेत. तिच्या घरचे आहेत."

एवढंच. जात काढली नाही, आवाज चढवला नाही. तेवढं पुरलं. साहेबांच्या पत्नींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वड्याकडे. वडा परत डब्यात ठेवला. बोटं रुमालाला पुसली.

"अगं बाई, विसरलेच," त्या म्हणाल्या. "माझा आज उपवास आहे."

समोर त्यांच्याच ताटात भरताचा गोळा पडला होता. अर्ध्या पुरणपोळीवर तूप थिजत होतं.

"भरीत खाऊन उपवास चालतो का बाई?" मी विचारलं.

खानदेशच्या ताईंना हसू फुटलं, त्यांनी ते खोकल्यात लपवलं. कमलताई खाली मान घालून पातोडी चिवडत होत्या. आता थांबायचं नाही, असं मला वाटलं. थांबले असते तर पुन्हा आयुष्यभर झाकण धरून बसले असते. मी स्टूल ओढलं आणि टेबलाला लावलं. त्या टेबलाला पहिल्यांदा माझी कोपरं टेकली.

"माझ्या आईनं तुमच्यासाठी डाळ भिजवली, ती तुम्ही गाईला घातलीत," मी मोठ्या बाईंना म्हणाले. "तुमचं सगळ्यांचं मी इतके दिवस खाल्लं. तुमच्या घरचं पाणी मी कधी विचारलं नाही. आता ज्या माझं खातील, त्यांचंच मी खाईन. ज्यांना चालत नाही, त्यांनी मला वाढू नये. आणि माझ्या घरचं सामानही मागू नये."

शब्द सगळे बाहेर पडले.

मोठ्या बाईंनी पाहुण्या बाईंना साहेबांच्या खोलीत चहाला नेलं. कोकणातल्या बाई आपला डबा बंद करून मागोमाग गेल्या. खानदेशच्या ताईंनी जाता जाता भरताचा चमचा माझ्या पुढ्यात धरला.

"घे गं. मनाला लावून घेऊ नको."

"आधी माझ्यातलं घ्या, ताई."

त्यांचा हात हवेतच थांबला. डब्याकडे थोडा आलाही. मग मागे गेला.

"मी घेतलं असतं गं. पण..."

त्यांचा तो 'पण' मी पूर्ण होऊ दिला नाही. मी खायला सुरुवात केली. कमलताई शेवटपर्यंत बसून होत्या. मला वाटलं, आता घेईल. घे ना बाई, कोणी पाहत नाही आता. पण त्यांनी ताट उचललं आणि त्याही गेल्या. मी एकटीनं वडे खाल्ले. चांगले झाले होते. मीठ थोडं कमी होतं.

त्या महिन्यात सही झाली नाही. पुढच्याही नाही. माझा टाइपरायटर रेकॉर्डरूममध्ये गेला, कोंदट कपाटांच्या मध्ये, आणि मीही त्याच्याबरोबर. हंगामी म्हणून मधूनमधून महिना-महिना बिनपगारी बसवायचे, त्यामुळे भावाला एक वर्ष शाळा सोडून वरठीला मजुरी करावी लागली. हे मी लपवत नाही. ताठ मानेची किंमत बहुतेक वेळा घरातलं दुसरंच माणूस चुकवतं. साहेब बदलून गेले, तेव्हा कुठे मी कायम झाले. बुधवारची जेवणं मोठ्या बाईंच्या खोलीत होऊ लागली, दार लावून. जेवणाचं टेबल मला उरलं. मी रोज त्यावरच जेवले. मधोमध डबा उघडून.

आईला सगळं सांगितलं. म्हटलं, आता पाटलाच्या घरीही कोरं देऊ नको.

"तू नोकरीवाली आहेस बाई," ती म्हणाली. "मले त्याइच्याच बांधीत मजुरी कराची आहे."

ती शेवटपर्यंत कोरं देत राहिली. पाणी न लावता. माझ्या त्या टेबलामुळे तिच्या गावात काही बदललं नाही, आणि बदललं असं सांगून मी कुणाचं मन राखणार नाही.

आता आमच्याकडच्या खाण्याचं कौतुक सुरू झालंय. मध्यंतरी एका महिला मंडळाच्या दोन बायका घरी आल्या. प्रांतोप्रांतीच्या पदार्थांचा कार्यक्रम ठेवलाय म्हणाल्या. लाखोळीची डाळ तुमच्याकडे चांगली असते असं ऐकलं, थोडी द्याल का, कोरीच द्या, करायचं आम्ही बघू.

"बसा," मी म्हणाले. "भिजलेली आहे घरात. वडे तळते. खा, मग डाळ देते."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं घड्याळ बघितलं. अजून बऱ्याच ठिकाणी जायचंय म्हणाली. मी त्यांना दारापर्यंत पोचवलं. पिशवी रिकामी गेली.

चांगल्या बाया होत्या, खरंच वेळ नसेल, असं शेजारीण म्हणाली. असेल. मला त्याचा शोध घ्यायचा नाही. समोरचा कोण, किती शिकलेला, किती गोड बोलणारा, हे मी आता पाहत नाही. ताट पुढे करते आणि त्याचा हात पाहते. माझ्या हातचं शिजलेलं ज्यांना चालत नाही, त्यांना माझ्या घरचं कोरंही मी चालू देणार नाही.